मदत हवी आहे: पार्किंगची नोटीस उशिरा आली, कीपर म्हणून अपील कसं लिहू?

नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. गाडी माझ्या नावावर आहे, म्हणजे रजिस्टर्ड कीपर मीच. ४ तारखेला एका रिटेल पार्कमध्ये गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा २३ मिनिटं जास्त थांबली. काचेवर तिकीट लावलेलं नव्हतं, सगळं कॅमेऱ्यावरून. खासगी पार्किंग कंपनीची १०० पौंडांची नोटीस मात्र २२ तारखेला दारात पडली आणि पत्रावरच तारीख आहे २०!

माझ्या माहितीप्रमाणे 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२'च्या परिशिष्ट ४ नुसार, काचेवर तिकीट नसेल तर कीपरला जबाबदार धरण्यासाठी नोटीस १४ दिवसांत पोहोचायला हवी. इथे १८ तारीख केव्हाच उलटून गेली होती. मी कंपनीला तसंच कळवलं. त्यांनी त्या मुद्द्याला हातही न लावता अपील फेटाळलं, वर "चालकाचं नाव कळवा" असं लिहिलं. खासगी कंपनीला ते सांगणं मला बंधनकारक नाही, म्हणून गाडी कोण चालवत होतं ते इथेही लिहीत नाहीये. उत्तर देताना तुम्हीही कृपया "तू चालवत होतीस" असं गृहीत धरू नका.

आता पॉपलाचा (खासगी पार्किंगच्या नोटिशींवरची अपीलं ऐकणारी स्वतंत्र सेवा) कोड आलाय, अपील करायला २८ दिवसांची मुदत आहे. फक्त तारखेचा मुद्दा मांडू, की अपुऱ्या पाट्या आणि कंपनीचा जमीनमालकाशी असलेला करार हेही मुद्दे घालू? पाटी खांबावर इतकी उंच आहे की खालची बारीक अक्षरं फोटो मोठा करूनही वाचता येत नाहीत. कुणी कीपर म्हणून पॉपलात जिंकलं असेल तर मुद्दे कोणत्या क्रमाने लिहिले, ते प्लीज सांगा. पत्र आल्यापासून झोप उडाली आहे.