सरकारी जमिनीवरची घरे विकावीत की भाड्याने द्यावीत?

परळकर (धागाकर्ता):

मुंबईत राहण्याच्या खर्चाची चर्चा बहुधा भाजी, दूध, शाळेची फी आणि रिक्षाचे भाडे यांच्याभोवती फिरते. हे सारे महागले आहे यात शंका नाही; परंतु तूरडाळ दादरला आणि डोंबिवलीला जवळपास एकाच भावाने मिळते. दोन कुटुंबांमध्ये खरी दरी पडते ती घरामुळे. आमच्या कार्यालयात एकाच वर्षी, एकाच पदावर लागलेले दोघे सहकारी आहेत. एकाला आजोबांची नायगावची पागडीची (एकरकमी रक्कम देऊन मिळवलेली, नाममात्र भाड्याची) खोली मिळाली आणि पुनर्विकासानंतर तिचे मालकीचे घर झाले. दुसरा चौदा वर्षे अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. दर नव्या जागेला डिपॉझिट आणि दलालाला एका महिन्याचे भाडे देतो. दोघांचा पगार आजही सारखा आहे, संपत्तीत मात्र कोटीचे अंतर पडले आहे, आणि हे अंतर दोघांपैकी कोणाच्याही कष्टातून आलेले नाही.

म्हणून माझे मत असे की म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण), महापालिका किंवा राज्य सरकार यांच्या जमिनीवर यापुढे बांधली जाणारी घरे विकू नयेत. उत्पन्नाच्या प्रमाणात भाडे घेऊन ती कायम सार्वजनिक मालकीत ठेवावीत. एकदा विकलेले घर काही वर्षांत बाजारात जाते आणि पुढच्या पिढीतल्या गरजूच्या वाट्याला काहीच उरत नाही. 2024 मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीत 2030 घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले होते. ज्याचे नाव निघाले त्याचे भले झाले. बाकीच्यांनी पुढच्या जाहिरातीची वाट पाहायची. सर्वांच्या मालकीची जमीन अशी नशिबावर वाटणे मला अन्यायाचे वाटते.

मी गिरणगावात, म्हणजे परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या भागात वाढलो, त्यामुळे हे मला लांबून पाहता येत नाही. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्या जमिनींसाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत साधारण तीन वाटे ठरले होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, ज्यावर बांधकाम उभे होते ती जमीन तिच्यातून सुटली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखाच्या वर आहे. लोअर परळला आज जे मनोरे दिसतात, त्यांच्या किमतीला बाजार जितका कारणीभूत आहे तितकाच तो नियमबदलही आहे.

डोंगरीकर :

परळकर, गिरण्यांच्या जमिनींबद्दल आपण लिहिले आहे ते मला मान्य आहे. आपला उपाय मात्र मला घातक वाटतो, कारण भाड्याचे घर म्हणजे काय हे मी जन्मापासून पाहतो आहे.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगलाच होता. युद्धानंतर आणि फाळणीनंतर लोंढेच्या लोंढे येत होते. पण गोठवलेले भाडे पुढे अर्धशतक जवळपास तसेच राहिले. महिन्याला शंभर-दोनशे रुपये घेणारा मालक गच्चीची गळती का थांबवील? त्याने दुरुस्ती सोडली. मग 1969 मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ स्थापन केले, आणि अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांच्या वर निघाल्या. मंडळ असूनही 2017 मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडून तीसहून अधिक माणसे गेली, 2019 मध्ये आमच्या डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. आमच्या इमारतीत दर पावसाळ्यापूर्वी टेकूचे खांब लागतात आणि माझी आई त्या खांबाला टेकून भाजी निवडते. ही चाळीस वर्षांची सवय आहे, तिला त्यात काही विशेष वाटत नाही, मला वाटते.

सरकार मालक झाले तर वेगळे होईल, असे मानायला आधार कोणता? बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी सरकारनेच 1920 च्या दशकात भाड्याने देण्यासाठी बांधल्या. 160 चौरस फुटांची खोली, शौचालय सामाईक. शंभर वर्षांत त्यांचे काय झाले ते वरळीला जाऊन पाहावे. तेथील रहिवाशांना आता 500 चौरस फुटांचे घर मिळते आहे, आणि ते मालकीचे आहे म्हणूनच त्यांचा जीव त्यात आहे. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) 2008 मध्ये पुन्हा भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हाही आकार 160 चौरस फूटच ठेवला! ती योजना टिकली नाही. पनवेलजवळ कोनला तशी दोन-दोन घरे जोडून 2016 च्या सोडतीत गिरणी कामगारांना विकावी लागली. घरे कमी आहेत म्हणून महाग आहेत. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, शहरात 1.33 आणि उपनगरात 1 इतका दीर्घकाळ अडवून ठेवल्याचे हे फळ आहे. बांधकाम वाढू द्यावे, भाव आपोआप खाली येतील.

वसईकर :

मी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. पहिल्या पाळीला सातच्या ठोक्याला हजर राहायचे म्हणजे नालासोपाऱ्याहून पहाटे पावणेपाचची गाडी धरावी लागते. येण्याजाण्यात दिवसाचे साडेचार तास जातात. मालकी की भाडे हा प्रश्न माझ्यापुरता दुय्यम आहे. कामाच्या ठिकाणापासून अर्ध्या तासावर छप्पर हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. डोंगरीकरांना एक विचारावेसे वाटते. आमच्या रुग्णालयाच्या खिडकीतून दिसणाऱ्या मनोऱ्यात रात्रीच्या पाळीला मी दिवे मोजते, तर निम्म्याहून अधिक मजले काळोखात असतात. 2011 च्या जनगणनेत मुंबईत जवळपास 4 लाख 80 हजार घरे रिकामी आढळली होती. बांधकाम वाढले की भाव उतरतात, तर इतकी घरे रिकामी असताना ते का उतरले नाहीत?

डोंगरीकर :

वसईकर, ती घरे रिकामी राहतात याचेही एक कारण भाड्याचा कायदाच आहे. भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही, ही भीती घरमालकांच्या मनात इतकी खोल रुजली की 1999 च्या नव्या कायद्यानंतरही ती गेली नाही. अकरा महिन्यांचे करार त्यातूनच आले. मोठ्या मनोऱ्यांतील घरे गुंतवणूक म्हणून अडकवून ठेवलेली असतात, हे मात्र मी नाकारत नाही, आणि त्यांवर वाढीव मालमत्ता कर लावण्यास माझा विरोध नाही.

कन्नमवारनगर :

मी परळकरांच्या विरुद्ध बाजूची आहे, पण माझे कारण वेगळे आहे. विक्रोळीच्या म्हाडा वसाहतीतले आमचे घर वडिलांनी हप्त्याहप्त्याने फेडून स्वतःचे केले. ते कारखान्यात कामगार होते. त्या घरावर कर्ज काढून माझे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले, आणि कारखाना बंद पडला तेव्हा घर होते म्हणून आम्ही गावी परतलो नाही. श्रीमंतांकडे शेअर असतात, जमिनी असतात, धंदा असतो. कामगाराच्या हातात आयुष्यभरात एकच मालमत्ता येते, ती म्हणजे घर. विषमता कमी करण्यासाठी नेमकी तीच त्याला नाकारायची, हे मला पटत नाही. श्रीमंतांच्या पोरांना वारसा मिळत राहील आणि आमच्या पोरांना भाडेपावती.

परळकर :

आपला मुद्दा मला खरोखर टोचला आणि दोन दिवस मी उत्तर लिहू शकलो नाही. आपल्या वडिलांना मिळालेले घर योग्यच होते. परंतु त्याच वसाहतीत आज आपल्या वडिलांसारखाच कामगार आला तर त्याला काय मिळेल? पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतीत त्याला घर घेता येणार नाही. सार्वजनिक जमिनीने एका पिढीला वर काढले आणि शिडी तेथेच संपली. मालकी द्यायचीच असेल तर अशी द्यावी की घर विकताना ते म्हाडालाच, महागाईच्या प्रमाणात वाढवलेल्या मूळ किमतीला परत विकावे लागेल. राहणाऱ्याला स्थैर्य मिळेल, जमिनीचा नफा मात्र सर्वांचा राहील.

डोंगरीकरांचा दुरुस्तीचा आक्षेप रास्त आहे. भाडे गोठवलेले नसावे, त्याचा ठरावीक भाग दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जावा आणि कमी पडेल ते सरकारने घालावे. पैसा नाही, हे मी मान्य करणार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींचा टोल माफ झाला. मे 2025 मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचचे दहा रुपये झाले. वसईकरांसारख्यांना त्या टोलमाफीचा काय उपयोग? पैसा असतो, तो कोणासाठी सोडायचा हे ठरवले जाते.

कन्नमवारनगर :

मूळ किमतीला परत विकायचे ही अट मला विचार करण्याजोगी वाटते, परंतु ती आधी त्यांनाच का लागावी ज्यांच्याकडे दुसरे काही नाही? गिरणीमालकाला जमिनीचा नफा मिळाला, बिल्डरला मिळतो आहे, मनोऱ्यात काळोखी घरे अडवून ठेवणाऱ्यालाही मिळतो आहे. त्यांच्या नफ्याला आधी हात घाला, मग माझ्या भावाच्या साडेचारशे चौरस फुटांकडे या. तोवर माझे मत विक्रीच्या बाजूने आहे. वसईकरांच्या पाळीच्या वेळेचे उत्तर माझ्याकडे नाही, हे मात्र मी मान्य करते.

वसईकर :

मला स्वतःला परळकरांची भाड्याची खोली उद्या मिळाली तर मी घेईन, आणि मालकीची मिळाली तरी घेईन. फक्त या सोडतीतही माझे नाव निघाले नाही, ही तिसरी वेळ. परत मिळालेल्या अनामतीतून मुलाची सहामाहीची फी भरली आहे.