शब्दचर्चा: ‘ड्राफ्ट’च्या आधीची यादी – क्रमवारी, प्रतवारी की भाकीत?

कोलंबसकर
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एनएफएल ड्राफ्टवर लेख लिहिते आहे. एनएफएल म्हणजे इथली अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडून घेणं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावात राहायचं आणि एप्रिलमध्ये ‘आपल्यातला कोण कितवा जाणार’ यावर बोलायचं नाही, असं इथे होत नाही. पण वाचणाऱ्यांत मुलांकडे चार-सहा महिने राहायला आलेले आजी-आजोबा बरेच आहेत. त्यांना कळेल असं लिहायचंय आणि शब्दांपाशी गाडी अडलीय.

संपादकांनी शीर्षक सुचवलं, ‘एनएफएल मसुदा’. ते नको, एवढं मला कळतं. पण कॉलेजातल्या ‘प्रॉस्पेक्ट’ला काय म्हणावं? आणि ड्राफ्टच्या कितीतरी आधीपासून ज्या याद्या फिरायला लागतात, त्या सगळ्यांना मी सरसकट ‘क्रमवारी’ लिहिलंय. चालेल का? नवरा म्हणतो चालतंय. त्याला सगळंच चालतं.

शब्दखोर
मसुदा हा कराराचा, ठरावाचा, फार तर प्रेमपत्राचा. इंग्रजीत ‘ड्राफ्ट’च्या मुळाशी ओढणं आहे. त्यातून कागदावर ओढलेला खर्डाही आला, बँकेतला ड्राफ्टही आला आणि सैन्यात ओढून नेणंही. खेळातला ड्राफ्ट या शेवटच्या अर्थाच्या जवळ जातो, कारण कुठल्या संघाकडे जायचं हे खेळाडू ठरवत नाही. मराठीत या तिन्ही अर्थांना वेगवेगळे शब्द आहेत. भाषांतर करणाऱ्या यंत्राला ते ठाऊक नसतं, ते पहिला सापडेल तो चिकटवतं.

‘लिलाव’ही नको. आयपीएलमुळे तोच हात आधी वर करतो. पण लिलावात बोली लागते, पैसा बोलतो. ड्राफ्टमध्ये बोली नाहीच. (जाता जाता: लिलाव हा आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला शब्द, ‘लेलांव’. इतका मुरलाय की परका वाटत नाही. ‘ड्राफ्ट’ही तसाच मुरू द्या की.)

टचडाउन तात्या
शब्दखोरांशी सहमत. ताई, आजी-आजोबांना सांगायचं तर गल्लीत टीम पाडायचो ते आठवा म्हणावं. दोन कॅप्टन, आळीपाळीने एकेक भिडू मागायचा. तेच इथे ३२ संघ करतात, सात फेऱ्यांत. फरक एवढाच की पाळी छापा-काट्याने ठरत नाही. आदल्या हंगामात जो सगळ्यात वाईट हरला तो पहिला. २०२५ ला टेनेसीची पाळी पहिली होती, त्यांनी कॅम वॉर्ड घेतला. एकूण २५७ निवडी झाल्या.

पाळी विकताही येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस संघाने त्यासाठी एक कोष्टक केलं. पहिल्या पाळीचे ३००० गुण, दुसरीचे २६००, तिसरीचे २२००, आणि बत्तिसावीपर्यंत येता येता ५९०. या कोष्टकात खेळाडूचं नावच नाही बघा. किंमत पाळीला आहे. म्हणून मी ‘पाळीची निवड’ म्हणतो. शीर्षकात ‘ड्राफ्ट’ ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात एकदा ‘पाळीची निवड’ म्हणून फोड करून टाका.

मावशीबोली
प्रॉस्पेक्टला होतकरू! इतका नेमका शब्द घरात असताना शोधाशोध कशाला? अजून झालेला नाही, पण होईल असा.

शब्दखोर
मावशी, शब्द नेमका आहे, पण त्याला वास लागलाय. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप.’ आता होतकरू म्हटलं की डोळ्यांपुढे वह्याच येतात. सहा फूट पाच इंचांच्या, दीडशे किलोच्या लाइनमनला होतकरू म्हणताना जीभ अडखळते.

मावशीबोली
अडखळू दे. वापरला नाही तर वास कसा जाणार? नाटकवाले आजही ‘होतकरू नट’ म्हणतात, तिथे कुणी वह्या वाटत नाही. आणि ‘संभाव्य खेळाडू’ हे तर सरकारी पत्रकातलं. संभाव्य म्हणजे काय, पाऊस आहे का तो? ‘उमेदवार’ म्हटलं तर प्रचाराचा भोंगा ऐकू येतो.

कोलंबसकर
होतकरू घेतला. मलाही आवडला. आता याद्यांचं सांगा.

टचडाउन तात्या
यादी एक नाही ताई, तीन आहेत, आणि तुम्ही तिघींना एकच नाव दिलंय. तिथेच लेखाचा घोळ होणार.

पहिली ‘बिग बोर्ड’. लिहिणाऱ्याच्या मते कोण सगळ्यात चांगला, तो एक, मग दोन, मग तीन. कोणत्या संघाला काय हवंय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसरी ‘मॉक ड्राफ्ट’. कोणता संघ कुणाला घेईल, याचा अंदाज. तिसरी संघांच्या कपाटात असते, ‘ग्रेड’. ती आपल्याला सहसा दिसत नाही.

फरक पाहायचा तर २०२४ घ्या. तुमच्या ओहायो स्टेटचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, मार्विन हॅरिसन ज्युनियर कित्येकांच्या बोर्डावर पहिला किंवा दुसरा होता. गेला चौथा, ॲरिझोनाकडे. त्याच्या आधी गेलेले तिघंही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे: केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे. पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले त्या वर्षी. म्हणून काय हॅरिसनला चौथा ठरवलं कुणी? नाही. पहिल्या तीन संघांना रिसीव्हरपेक्षा चेंडू फेकणारा निकडीचा होता, बस्स. बोर्ड बरोबर आणि मॉकही बरोबर, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

बार्शीकर
फुटबॉलातलं मला शष्प कळत नाही, पण शब्दाचं सांगतो. क्रमवारी आणि प्रतवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजार समितीत माल आला की प्रतवारी होते. हा ढीग पहिल्या प्रतीचा, हा दुसऱ्या. पहिल्या ढिगात चार क्विंटल असो नाहीतर चाळीस, ते मालावर आहे. ढिगातल्या दाण्यांना कुणी एक-दोन-तीन नंबर देत नाही. क्रमवारीला मात्र मधली जागा रिकामी ठेवता येत नाही. माल कितीही रद्दी असो, कुणीतरी पहिला येतोच. तात्यांची पहिली यादी क्रमवारी, तिसरी प्रतवारी. दुसरी यांतली कुठलीच नाही, ते भाकीत.

टचडाउन तात्या
बार्शीकर, शष्प कळत नाही म्हणता आणि वर्मावर बोट ठेवता!

हेच आहे. पहिल्या फेरीत निवडी ३२, पण पहिल्या फेरीच्या लायकीची प्रत संघांकडून पंधरा-वीस जणांनाच मिळते, असं संघांचे मॅनेजर दर वर्षी सांगतात. उरलेले डझनभर पहिल्या फेरीत जातात, पण पहिल्या प्रतीचे म्हणून नव्हे. लोक टीव्हीवर ऐकतात ‘पहिल्या फेरीचा खेळाडू’ आणि दोन्ही एकच धरून चालतात. मराठीत ‘पहिल्या फेरीत गेलेला’ आणि ‘पहिल्या प्रतीचा’ असं वेगळं लिहिलं तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. ताई, ही जोडी सोडू नका.

२०२५ चा शडूर सँडर्स घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, एकेकाळच्या गाजलेल्या खेळाडूचा, डीऑन सँडर्सचा मुलगा. किती याद्यांमध्ये तो पहिल्या फेरीत होता! पहिली फेरी संपली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या फेरीत, १४४ वा, क्लीव्हलंडने घेतला. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले, त्यांतला एक तर त्याच क्लीव्हलंडने तिसऱ्या फेरीत घेतलेला. त्या तीन दिवसांत चॅनेलवर एकच रड होती: पोरगा घसरला, पोरगा घसरला. अहो, घसरला कुठून? संघांच्या प्रतवारीत तो वर होता असं सांगितलं कुणी? तो आपल्या क्रमवारीवरून घसरला. आपण आपलीच यादी त्यांच्या कपाटातली समजून बसलो होतो.

शब्दखोर
म्हणजे ‘घसरला’ हे क्रियापदच सदोष.

टचडाउन तात्या
सदोष म्हणत नाही, कर्ता चुकीचा आहे. घसरली ती यादी.

याद्या करणाऱ्यांवर संघवाल्यांचा राग जुना आहे. मेल काइपर १९८४ पासून ईएसपीएनवर ड्राफ्टचं बोलतोय. १९९४ ला इंडियानापोलिसने त्याच्या आवडीचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर सोडून ट्रेव्ह अल्बर्ट्स घेतला, काइपरने टीव्हीवर सालटी काढली. तेव्हा त्या संघाच्या निवडी करणारे बिल टोबिन कॅमेऱ्यासमोरच बोलले. त्याचं मराठी एकच होऊ शकतं: ‘हा मेल काइपर कोण लागून गेलाय?’ पुढे अल्बर्ट्स दुखापतींनी तीन हंगामांत संपला. डिल्फर दुसऱ्या संघाकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पण त्याच दिवशी टोबिननी दुसऱ्या पाळीला मार्शल फॉक घेतला होता, तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. कोण जिंकलं म्हणायचं?

मावशीबोली
प्रतवारीला माझा आक्षेप आहे. माल ठीक, पण माणसांची प्रतवारी? कानाला बरं नाही वाटत. ते ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला पोरांना उभं करून वजन, उंची, हाताच्या पंजाची लांबी मोजतात ना, ते पाहूनच मला कसंतरी झालं होतं. बैलबाजार आठवला.

टचडाउन तात्या
मावशी, तुम्ही म्हणता ते तिथलेही लोक म्हणतात, आणि याहून कडक शब्दांत. मोजली जाणारी बहुतेक पोरं काळी आणि मालक बहुतेक गोरे, त्यामुळे गुलामांच्या बाजाराची आठवण अनेकांनी काढलीय. ‘कम्बाइन’ म्हणतात त्या मोजणीला. ४० यार्ड पळायचं, २२५ पौंडांची बार जमेल तितक्या वेळा उचलायची, उभ्या जागेवरून उडी मारायची. २०२४ ला झेव्हियर वर्दी ४० यार्ड ४.२१ सेकंदांत पळाला, तो विक्रम आहे. आणि २००० साली एक पोरगा ५.२८ सेकंदांत पळाला होता, सहाव्या फेरीत १९९ वा गेला. टॉम ब्रेडी. सात सुपर बोल.

पण म्हणूनच प्रतवारी शब्द ठेवावा असं मला वाटतं. जे चाललंय ते तेच आहे. ‘गुणवत्ता यादी’ म्हटलं की ते बोर्डाच्या परीक्षेसारखं सोवळं होतं आणि माप घेणारा हात दिसेनासा होतो.

मावशीबोली
हे पटलं. ठेवा मग, पण आजोबांना झोंबेल असं ठेवा.

शब्दखोर
‘मानांकन’चा विचार कुणी केला नाही, बरं झालं. टेनिसच्या बातम्यांनी तो स्पर्धेपुरता बांधून टाकलाय. स्काउटला मात्र ‘पारखी’ लिहा. पारखणं हे माल आणि माणूस दोन्हींना चालतं आणि त्यात चुकण्याची मुभा आहे. ‘निरीक्षक’ लिहिलंत तर शाळा तपासायला आलेला वाटेल.

टचडाउन तात्या
पारखीवरून आठवलं. हे लेखात घ्याच ताई, आजोबा खूश होतील. १९६० च्या दशकात डॅलस काउबॉईज संघाचे मॅनेजर टेक्स श्रॅम कंटाळले होते. प्रत्येक पारखी आपल्या भाषेत लिहायचा. एकाचा ‘चपळ’ म्हणजे दुसऱ्याचा ‘बरा’. त्यांना संगणकाकडून प्रतवारी करून घ्यायची होती. हे काम आलं आयबीएमच्या एका उपकंपनीतल्या सलाम कुरैशी नावाच्या संख्याशास्त्रज्ञाकडे. गृहस्थ आपल्याकडचे, अलीगढचे. क्रिकेट कळायचं, अमेरिकन फुटबॉलचा गंध नाही. आणि अडचण गणिताची कमी, शब्दांची जास्त होती. आधी सगळ्यांनी एका शब्दाचा एकच अर्थ घ्यायला हवा, मग त्याला आकडा देता येईल. शेवटी पाच खाती ठरली: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, ईर्षा, बुद्धीची तल्लखी, ताकद आणि उसळी. म्हणजे आपण इथे जे करतोय ते या माणसाने साठ वर्षांपूर्वी पगार घेऊन केलं.

शब्दखोर
‘ईर्षा’ नको. मराठीत ती मत्सराकडेही झुकते. ‘चुरस’ ही दोघांमधली. एका माणसाच्या अंगात असते ती ‘जिद्द’.

बार्शीकर
जिद्द वेगळी. एकटा माणूस डोंगर चढतो ती जिद्द. समोरच्याला पाडायचंच म्हणून उतरतो ती खुन्नस.

टचडाउन तात्या
खुन्नस! कुरैशींच्या खात्यात खुन्नस. मी तर घेतला.

कोलंबसकर
मंडळाच्या अंकात ‘खुन्नस’ छापतील का, विचारावं लागेल. बाकी किरकोळ विचारते: ‘सीलिंग’ आणि ‘फ्लोअर’? ‘बस्ट’? ‘स्टील’?

शब्दखोर
छत आणि फरशी मुळीच लिहू नका. सीलिंग म्हणजे आवाका. ‘पोराचा आवाका मोठा आहे, पण भरवसा नाही.’ फ्लोअर म्हणजे तो भरवसा. स्टील म्हणजे घबाड. बस्ट म्हणजे फुसका बार.

मावशीबोली
पहिल्याच पाळीला घेतलेला फुसका निघाला तर ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’. त्याला तोड नाही.

टचडाउन तात्या
जामार्कस रसेल. २००७, ओकलंडने पहिला घेतला, तीन हंगाम खेळून २०१० ला घरी. टोणगा पक्का. मात्र १९३६ च्या पहिल्याच ड्राफ्टमधल्या पहिल्याच खेळाडूला टोणगा म्हणू नका. जे बरवँगर. फिलाडेल्फियाच्या हॉटेलात फळ्यावर ९० नावं लिहिली होती, त्यांतून तो पहिला निवडला आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. म्हैस व्यायलीच नाही म्हणा.

बार्शीकर
आणि सगळ्यात शेवटचा? आमच्याकडे टीम पाडताना उरायचा तो कच्चं लिंबू.

टचडाउन तात्या
त्याला तिथे ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. पण कच्चं लिंबू नाही जमणार. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी बाद नसतो. शेवटच्याला सगळे नियम लागू. २०२२ ला २६२ वा, सगळ्यात शेवटी ब्रॉक पर्डी गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन सुपर बोलमध्ये उतरला. हरले, पण जादा वेळेत हरले.

बार्शीकर
मग ‘शेंडेफळ’.

मावशीबोली
शेंडेफळाचे लाड होतात हो. याचे कुठे झाले?

कोलंबसकर
इथे भांडा तुम्ही, मी लिहायला घेते. एकच राहिलं. काही संघ फळ्यावर खेळाडूंच्या पाट्या जागेनुसार रकान्यांत लावतात ना? मग २०२५ चा ट्रॅव्हिस हंटर कुठल्या रकान्यात? तो रिसीव्हरही आणि कॉर्नरबॅकही. चेंडू झेलणाराही तोच आणि झेलू न देणाराही तोच. ‘अष्टपैलू’ लिहिलं तर क्रिकेटवाले हरकत घेतील का?

शब्दखोर
अष्टपैलू क्रिकेटच्या आधीचा आहे. बिनधास्त लिहा.

टचडाउन तात्या
लिहा, पण रकान्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. जॅक्सनव्हिलने पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळीसुद्धा देऊन पाचवरून दोनवर उडी मारली ती त्याच्यासाठी. त्यांनी पाटी कुठल्या रकान्यात लावली होती, हे मला जाम बघायचंय.