शाळेत सिनेमा बनवायची कार्यशाळा घ्यावी का?

आठवीची आई (विश्रामबाग, सांगली): आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीसाठी तीन दिवसांची लघुपट कार्यशाळा घ्यायचं चाललंय. माझा जोरदार होकार. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, २००५ च्या पुरात त्यातली बरीच निकामी झाली. पेवात उतरून काम केलेली माणसं आता थकलीत. पोरांनी त्यांच्यासमोर बसून विचारावं, आत उतरताना जीव कसा सांभाळायचात? हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

मिरजेचे सर: माझा विरोध. वर्षभर दप्तरातून मोबाइल काढून घ्यायचे आणि सुट्टीत आपणच हातात द्यायचे? एका शाळेत डोळ्यांनी पाहिलंय: चार पोरं शूटिंग करतात, बाकीची उन्हात उभी. एडिटिंग शिकवायला आलेला दादाच रात्री जागून करतो आणि पडद्यावर नावं मुलांची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटक केलं ते याच सांगलीत. नाटक बसवा. महिनाभर तालीम होते, वीस पोरं रंगमंचावर उभी राहतात, आवाज सुटतो.

साताऱ्याची एडिटर: सर, दादानं एडिटिंग करणं चूकच. मी गावातल्या युवक मंडळाच्या पोरांबरोबर काम करते. पहिल्या दिवशी फोन नाहीच, कागदावर चौकटी काढायच्या. मग पाच जणांत एकच फोन, तोही इंटरनेट बंद करून, आणि कामं रोज बदलायची. एका आजीची मुलाखत आणली तर नुसता वारा आणि ट्रॅक्टर! कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी स्वतःच गोठ्यामागची भिंतीआडची जागा शोधली. चाळीस मिनिटांतून चार ठेवायची म्हटल्यावर भांडणं झाली, एक पोरगी रडली. तिला आजीचं गप्प बसणं ठेवायचं होतं. ठेवलं. कुठलं वाक्य का ठेवायचं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मिरजेचे सर: एकच फोन, हे पटलं. पण आजीला विचारलं होतं का? आणि मुलींचे चेहरे कुणाच्या फोनवर फिरतील, याची जबाबदारी कोण घेणार? तीन दिवसांत तर यातलं काहीच होणार नाही.

साताऱ्याची एडिटर: विचारलं होतं. तयार फिल्मही आधी आजीलाच दाखवली.

आठवीची आई: मग सलग पाच रविवार घेऊ. नेटवर काही टाकायचं नाही, शाळेच्या हॉलमध्ये हरिपूरच्या माणसांना बोलावून दाखवायचं. सभेत हेच मांडते. सर, बोलायचं कसं ते शिकवायला याल?

मिरजेचे सर: येईन. मत मात्र अजून नाटकाच्याच बाजूनं.