अडगळीतला देव मोडीत जाऊ द्यायचा, की विकत घ्यायचा?

बुधवारचा बाजारकरी

गेल्या बुधवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात चक्कर मारली. एका गोणपाटावर गंजके पाने, रेडिओचे सांगाडे आणि मधोमध एक निळं-पांढरं चिनी वाडगं. शेजारी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात सात टाक, म्हणजे देवांचे उठावाचे छोटे पत्रे, तांब्यापितळेचे. कुणाच्या तरी देवघरातले. पिढ्यान्‌पिढ्या घासून इतके गुळगुळीत झालेले, की एकावर घोडा दिसतो म्हणून तो खंडोबा, एवढंच कळतं. चेहऱ्याच्या जागी नुसता चकचकीत उंचवटा. विक्रेता म्हणाला, "घ्या साहेब, नाहीतर उद्या मोडीत."

वाडगं १,८०० ला घेतलं, टाक सगळे मिळून २,१०० ला. घरी आल्यावर बायकोनं "दुसऱ्याचे देव आपल्याकडे नकोत" म्हणून डबा बाल्कनीत ठेवला. मेव्हणा जेवायला होता, त्यानं "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आहेत म्हणून देवळं फुटतात" असं ताटावरच सुनावलं.

माझं मत सरळ आहे. जुनी चिनीमाती, काशापितळेच्या मूर्ती, जेड या शोभेच्या दगडाच्या वस्तू सामान्य माणसानं घ्याव्यात, जपाव्यात. दिनकर केलकर दारोदार हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, वज्री गोळा करत होते तेव्हा लोकांनी त्यांनाही वेड्यात काढलं असणार. आज नातूबागेतल्या त्यांच्या संग्रहालयात वीसेक हजार वस्तू आहेत. त्या माणसानं तेव्हा 'पावती दाखवा' म्हणत हात आखडता घेतला असता तर निम्म्या वस्तूंचे नळ आणि कड्याकोयंडे झाले असते.

चुकतोय का मी?

खापरखुळा

चुकताय. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा.

पुरातत्त्व शिकलो, पोटासाठी दुसरंच काहीतरी करतो, पण ही सवय सुटत नाही. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, गेंडा, हत्ती, रेडा. सगळ्या भरीव धातूच्या, एकूण वजन ६० किलोच्या वर. भारतात असं दुसरं काही नाही. आता गंमत बघा. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, उत्तर हडप्पा काळाचा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरचा, थर मिळाला, तरी या चार वस्तू नक्की कोणत्या थरातल्या यावर वाद राहिलाच. धातूत आर्सेनिकचं प्रमाण जास्त निघालं म्हणून काही तज्ज्ञांनी त्या बऱ्याच अलीकडच्या ठरवल्या. वस्तू समोर आहे, वजन आहे, फोटो आहेत, आणि तारखेवर एकमत नाही. कारण ती जमिनीतून निघाली तेव्हा शेजारी कोणतं खापर होतं, राख होती का, माती कुठल्या रंगाची होती, हे टिपायला कुणी नव्हतं.

छबू भिल्लांचा यात काडीचा दोष नाही. ते शेत नीट करत होते. पण जो पैशासाठी खणतो तो हेच मुद्दाम करतो, रात्री, आणि वस्तू कुठली ते सांगतही नाही. त्याला पैसे कोण देतं? हौशी मंडळी.

तांबट आळी

दोघांचंही थोडं जास्त होतंय.

आमची पाचवी पिढी तांब्यावर ठोके मारतेय. मठारकाम म्हणजे काय ते बघायचं असेल तर कसब्यात या, कानात बोळे घालून. मोडीला तुम्ही एवढं नाक मुरडता, पण आमच्याकडे तांबं कायम मोडीतूनच आलं. पणजीचं फुटकं घंगाळ आजीचा हंडा व्हायचा. पेशव्यांच्या वेळची भांडी कमी का दिसतात? लोकांनी ती वापरून, वितळवून पुन्हा वापरली म्हणून. धातू राहिला, आकार गेला. यात शोक करण्यासारखं मला काही वाटत नाही.

दुसरं, बाजारकरी, तुमचे टाक जुने असतील, पण 'चारशे वर्षांची मूर्ती' म्हणून जे विकतात त्यातलं पुष्कळसं माझ्यापेक्षा लहान असतं. नवी पितळी मूर्ती मीठ आणि नवसागराच्या पाण्यानं भिजवून ओल्या मातीत ठेवा, हिरवी होते. आणि कृपा करून पितळेला 'ब्राँझ' म्हणू नका. तांब्यात कथील घातलं की कासं, जस्त घातलं की पितळ. तळपायाला तूप लावून घासता ती काशाची वाटी. तुमचे देव बहुतेक पितळेचे.

आजोळची आठवण

टाक विकत घेतले हे वाचूनच कसंतरी झालं. आमच्याकडे टाक झिजले की नवे करून घेतात, प्रतिष्ठा करतात आणि जुने वाहत्या पाण्यात सोडतात. सासूबाईंनी आमचे आळंदीला सोडले. देव संपला की त्याला निरोप द्यायचा असतो, काचेच्या कपाटात दिवे लावून पाहुण्यांना दाखवायचा नसतो. तुम्ही जतन जतन म्हणता, पण ज्यांचे देव त्यांनी तर जतनाचा विचारच केला नव्हता.

सवाई पुणेकर

वाहतं पाणी? मुठेत सोडले तर देव जलपर्णीतच अडकतील. 😀

बुधवारचा बाजारकरी

@आजोळची आठवण, तुमचा मुद्दा लागला. पण हे टाक कुणी सोडले नव्हते हो, टाकले होते. वाडा पडला, मुलं परदेशी, आणि माळ्यावरचं सगळं एकगठ्ठा टेम्पोत. यात निरोप कुठे आला?

@खापरखुळा, हे टाक कुठल्या टेकाडातून खणलेले नाहीत. आठ-दहा वर्षांपूर्वीपर्यंत यांची पूजा होत असणार. माझ्या २,१०० रुपयांनी देऊळ कसं फुटतं ते समजावून सांगा.

चिंच-मीठ लावून ठेवलेत, रात्री घासतो.

तांबट आळी

धुऊन टाका आधी ती चिंच! नेहमीच्या वापरातल्या भांड्यांना ठीक आहे, झिजलेल्या टाकाला नाही. ज्या दोन रेघा उरल्यात त्याही जातील. कोमट पाणी, मऊ फडकं, लगेच कोरडं करा. कुठे फिकट हिरवी पूड सुटत असेल तर तो टाक वेगळा ठेवा. क्षारामुळे तो डाग धातू आतून खातो, आणि पावसाळ्यात दमट हवेत वाढतो. घट्ट हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका, तो उलट धातूला जपतो.

कलम क्रमांक

भावना बाजूला ठेवून कायदा सांगतो. १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, लागू ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू. हस्तलिखितांना ७५ वर्षं. घरात ठेवणं गुन्हा नाही. पण नोंदणीच्या यादीत दगडाच्या, भाजक्या मातीच्या, धातूच्या, हस्तिदंताच्या मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या येतात. तुमचा खंडोबा शंभरीचा असेल तर नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसकट अर्ज करा. विक्रीचा धंदा करायचा तर परवाना. आणि देशाबाहेर खासगी माणसाला नेताच येत नाही. किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद. अमेरिकेतल्या मुलाकडे जाताना 'आठवण म्हणून' बॅगेत टाकाल तर महागात पडेल.

अवांतर: परसात खणताना १० रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तरी कलेक्टरला कळवायचं असतं. १८७८ चा कायदा. तेव्हाचे १० रुपये!

खापरखुळा

समजावतो. तामिळनाडूतल्या श्रीपुरंथन गावच्या देवळात फारसं कुणी जात नव्हतं. तिथला चोळकालीन नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय कलादालनानं तो ५० लाख डॉलर मोजून घेतला. सोबत कागदपत्रं होती. खोटी. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्या मूर्तीचे देवळातले फोटो निघाले, म्हणून २०१४ मध्ये ती परत आली. म्हणजे पैसे देणारा मोठा, सुशिक्षित, तज्ज्ञ बाळगणारा, आणि तोही 'आम्ही तर जपतोय' याच समजुतीत.

तुमच्या सात टाकांनी देऊळ फुटलं असं मी म्हणणार नाही, तेवढा शब्द मागे घेतो. पण त्या नटराजाचा फोटो होता. तुमच्या टाकांचा मूळ जागेवरचा फोटो कुणाकडे आहे? वाडा कुठला, कुळ कोणतं, सातांचा क्रम काय होता? हे विचारलंत का विक्रेत्याला? केलकरांशी तुलना करायची तर ती इथे करा.

बशीबहाद्दर

देवांचं चालू द्या, मी वाडग्यासाठी आलोय. तळाला शिक्का आहे का? आणि बाजारकरी, बूड, म्हणजे वाडगं ज्यावर टेकतं ती कड, कशी आहे?

बुधवारचा बाजारकरी

आहे! दोन निळ्या वर्तुळांत सहा अक्षरं. मोबाइलवर शोधलं तर कांग्शी बादशहाचा काळ म्हणतात, १६६२ ते १७२२. खोटं कशाला बोलू, रात्रभर झोप नाही. अमेरिकेत कुणी अंगणातल्या विक्रीतून ३५ डॉलरला घेतलेलं वाडगं २०२१ मध्ये ७ लाख २१ हजार डॉलरना गेलं होतं ना?

बशीबहाद्दर

गेलं, चीनच्या मिंग घराण्याच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं होतं ते. पण म्हणून जुन्या बाजारात रोज मिंग येत नाही.

शिक्क्यावर विश्वास सगळ्यात शेवटी ठेवायचा. त्याच कांग्शीच्या काळात, १६७७ ला, जिंगदेझेन या चिनीमातीच्या भांड्यांच्या गावच्या अधिकाऱ्यानं भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली होती. भांडं फुटलं की नाव उकिरड्यावर, लोकांच्या पायाखाली. त्यामुळे काही वर्षं नुसतीच रिकामी दोन वर्तुळं किंवा एखादं पान काढायचे. उलट दोनशे वर्षांनंतरच्या कुंभारांनी जुन्यांच्या आदरापोटी कांग्शीचा शिक्का सर्रास मारला. पुढे आदर गेला, धंदा राहिला.

आता करायचं ते करा. भिंग घ्या आणि निळ्या रेषा बघा. कुंचल्याची रेष कुठे दाट, कुठे पुसट, वळणावर रंग साचलेला. ठशाची असेल तर बारीक एकसारखे ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. मग बुडाची कड. तीनशे वर्षं टेबलावर सरकलेली कड आडवीतिडवी, कमीजास्त झिजते. कानशीनं घासलेली एका दिशेनं. मळ चहाचा असेल तर ओल्या कापसाला येतो.

लोणच्याची बरणी

जेडबद्दल कुणी बोललंच नाही. आत्याची सिंगापूरहून आणलेली हिरवी बांगडी आहे, जेड म्हणून. खरी ओळखायची कशी?

बशीबहाद्दर

स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. बांगडी दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल अशी अधांतरी धरा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्यानं बांगडीच्या कोरड्या वजनाला भागा. ३.३ च्या आसपास आलं तर जेडाइट, २.९ ते ३ तर नेफ्राइट, ही दोन्ही खरी जेड. २.६५ आलं तर क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. बाजारात 'इंडियन जेड' म्हणून जे खपतं ते अव्हेंच्युरीन, म्हणजे क्वार्ट्झच. आकडा बरोबर आला तरी रंग भरलेला नाही हे मात्र काटा सांगत नाही.

लोणच्याची बरणी

५३ भागिले २०. आत्याला सांगत नाही.

बुधवारचा बाजारकरी

ठिपके. भिंगाखाली सगळीकडे ठिपके. कड एका दिशेनं घासलेली, आणि कापसाला अस्सल चहा आला. बायको म्हणते त्यात कोशिंबीर छान दिसेल.

पण खापरखुळांचं डोक्यातून जाईना म्हणून आज रविवारी टाक घेऊन परत त्या विक्रेत्याकडे गेलो. आधी म्हणाला आठवत नाही. चहा पाजल्यावर म्हणाला, नारायण पेठेतला वाडा, पाडायला काढलाय, टेम्पो त्याचाच मेहुणा चालवतो. टाक देव्हाऱ्याच्या खणात लाल फडक्यात बांधलेले होते, सात नाही, नऊ. फडकं फेकून दिलं. दोन टाक चांदीचे होते, ते सराफाकडे गेले. बरोबर एक वही होती, मोडी लिपीत लिहिलेली, ती रद्दीत.

सगळं तारखेसकट लिहून ठेवलंय. टाकांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढलेत.

खापरखुळा

रद्दीवाला कुठला, विचारलंत?