तयार थीमवर साइट करून ३५ हजार घेणं ही फसवणूक का?

अर्धविराम (धागाकर्ता)
पुण्यात नऊ वर्षं एकट्यानं वेब डिझाइनची कामं करतोय. गेल्या महिन्यात गुहागरकडच्या एका घरगुती निवासाची साइट केली, ३५ हजारांत. काकांनी पैसे वेळेवर दिले (या धंद्यात हीच बातमी). मग त्यांचा इंजिनिअरिंगचा भाचा सुट्टीत आला. त्यानं पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडून थीमचं, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार मांडणीचं, नाव शोधलं आणि किंमतही काढली, ५९ डॉलर. रात्री काकांचा फोन : "अहो, पाच हजारांची वस्तू तुम्ही आम्हाला पस्तीसला विकलीत होय?" मी काय काय केलं ते सांगायला लागलो, तर माझं मलाच ते सबबी सांगितल्यासारखं वाटायला लागलं. तुमचं मत?

खडूस_गिऱ्हाईक
कोटेशनात काय लिहिलं होतं? माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मलाही एकानं 'खास तुमच्यासाठी डिझाइन' म्हणून साइट दिली. वर्षभरानं तीच मांडणी, तेच गोल कोपरे एका दातांच्या दवाखान्याच्या साइटवर दिसले. माझे स्क्रू होते तिथं त्यांची कवळी.

मात्रा_वेलांटी
शिंपी कापड विणत नाही, म्हणून त्याला कुणी चोर म्हणत नाही. ज्यावर अशा साइट उभ्या राहतात ते वर्डप्रेस मुळातच जीपीएल परवान्याखाली आहे (कुणीही वापरा, बदला, विका), थीम विकत घेऊन वापरणं रीतसर आहे. खरं काम थीम चढवल्यावर सुरू होतं, आणि मराठीत तर फारच. बहुतेक थीम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळीची उंची अक्षराच्या १.१ पट वगैरे, त्यामुळे खालच्या ओळीतला रफार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडतो. मी १.५च्या खाली जातच नाही. फॉन्टात जाड वळण नसलं की ब्राउझर स्वतःच ओढूनताणून अक्षर जाड करतो आणि 'ष'ची पोकळी बुजते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं नाही, तर ज्या फॉन्टात मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं असतात त्यातही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. वाचणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आणि मजकूर? तो येतो छापखान्यातून, श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टांत. चिकटवला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोडमध्ये (वेबवर चालणाऱ्या अक्षरांत) बदलून घेतला तरी जोडाक्षरं एकेक करून तपासायची. भाच्याला हे सोर्समध्ये दिसलं का?

खडूस_गिऱ्हाईक
शिंपी मापं घेतो, साहेब. आणि कापड त्याच्याच दुकानातलं असेल तर शिलाई वेगळी सांगतो.

रात्रपाळी
दोघांशीही असहमत. हिशेब फोडून दिलात की गिऱ्हाईक ओळीओळीवर घासाघीस करणार. 'रफार नीट करणे : २ हजार' असं लिहा, म्हणेल रफार राहू दे. मिसळीच्या बिलात मटकी किती, फरसाण किती असं विचारता का? मी एकच आकडा देतो. पटला तर घ्या.

चिंचेची_पानं
भाचा चुकीचं बोललेला नाही, अर्धवट बोललाय. निवासाची साइट मी उघडते कुठे? कुंभार्ली घाटात, गाडीत, रेंजची एक काडी असताना. थीमच्या डेमोत पहिल्याच पडद्यावर हलता समुद्र असतो. तो तसाच ठेवून वर कॅमेऱ्यातले आठ-आठ एमबीचे फोटो चढवले, तर पान उघडेपर्यंत रस्त्यावरचा बोर्ड वाचून माणूस भलत्याच अंगणात उतरतो. हे सगळं निस्तरलं असेल तर पस्तीस वसूल. नसेल तर पाचही जास्त.

पण मला वेगळंच विचारायचंय. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, कुणाच्या नावावर आहे? माझ्या आतेबहिणीच्या क्लासचं डोमेन डिझायनरच्या खात्यात होतं. त्याला परदेशात नोकरी लागली आणि नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले. डॉट कॉमची मुदत उलटून नाव रद्द झालं, तरी त्यानंतर ३० दिवस दंड भरून ते सोडवता येतं, पण ते खातेदारानंच करायचं. तिला कळलं तेव्हा नाव दुसऱ्याच्या हातात गेलेलं.

अर्धविराम
फोटो दीडशे केबीच्या आत, समुद्र काढून टाकला, फोन नंबर सगळ्यात वर. बुकिंग थेट व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण काका फॉर्म उघडून बघणाऱ्यातले नाहीत हे पहिल्याच भेटीत कळलं. मापं तिथं दोन दिवस राहून घेतली (मासेही खाल्ले). कोटेशनात फक्त 'वेबसाइट डिझाइन' होतं. 'खास' नव्हतं, पण थीमचा उल्लेखही नव्हता.

डोमेन माझ्या खात्यात आहे. सोयीसाठी. सगळ्यांचीच आहेत.

खडूस_गिऱ्हाईक
सगळ्यांची म्हणजे किती?

अर्धविराम
एकवीस.

मात्रा_वेलांटी
अरे बाबा. आणि मी इतका वेळ तुझी वकिली करत होतो.

रात्रपाळी
यात एवढं काय झालं? वेगळं खातं उघडून दिलं तर पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? माझी निम्मी गिऱ्हाइकं दरवर्षी ओटीपी द्यायलासुद्धा भांडतात.

चिंचेची_पानं
भांडू देत. सोय म्हणून सातबारा तलाठ्याच्या नावावर ठेवाल का?

अर्धविराम
उद्या काकांना फोन करतो. खातं भाच्यालाच उघडायला सांगतो, तसाही सोर्स वाचतोच आहे. थीमची पावती पाठवतो. पैसे मात्र परत देणार नाही.

खडूस_गिऱ्हाईक
नकाच देऊ. उरलेल्या वीस जणांना फोन कधी करताय?