मदत हवी आहे: ड्रॅगनचं तोंड कुठे करू?

मंडळी, इंदूरला आमच्या बिल्डिंगच्या पोरांच्या क्रिकेट टीमसाठी झेंडा करतेय, साटीनवर, तीन बाय दोन फूट. पॅकमॅनसारखा गोल पिवळा ड्रॅगन, फक्त ठिपक्यांऐवजी जिलब्या गिळतोय (इंदूर आहे शेवटी!). 1980 चा गेम तो, पोरांना ओ की ठो माहीत नाही, बाबालोकच जास्त खूश. अडलंय असं की वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन काठीकडे बघतो आणि भूतानचा पांढरा बरोबर उलटा, मग आपला कुठे वळवू? आणि राजवाड्याजवळ दोन्ही बाजूंनी नीट छापून देणारं कोणी आहे का, कारण मागच्या वेळी मागून टीमचं नाव उलटं दिसायचं, समोरच्या बिल्डिंगवाले अजून चिडवतात.