ग्लेनडालॉकच्या दरीतले (आयर्लंड) तुमचे अनुभव

रानवाट
काल बहिणीने विकलो काउंटीतून (ग्लेनडालॉक तिथेच आहे) फोटो पाठवले आणि बाबांबरोबरची ग्लेनडालॉकची फेरी आठवली. तिथल्या जुन्या मठाचा तो गोल मनोरा सुमारे 30 मीटर उंच, आणि दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर! बाबा त्या दाराखाली कितीतरी वेळ उभे. मग भिंतीवरून हात फिरवत राहिले. अभ्रकाचा दगड आहे, ऊन आलं की बारीक चमचमतो. जन्म बांधकामावर गेलेला माणूस, तळ्यांकडे बघेचनात. वरचं शंकूसारखं छप्पर 1876 मध्ये जुनेच दगड वापरून पुन्हा बसवलं हे वाचून तर फार खूश झाले. तुम्हीही लिहा.

पायपीट
स्पिंक, म्हणजे तळ्यावरचा तो डोंगर, केलात की नाही? रेल्वेचे स्लीपर टाकून केलेल्या सहाशेच्या वर पायऱ्या आहेत. माथ्यावर पोचलं की दोन तळ्यांपैकी वरचं तळं (अप्पर लेक) थेट पायाखाली. वारा इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

मुग्धा_के
पायऱ्या नको असतील तर मायनर्स रोड घ्या, तळ्याच्या कडेने सपाट. सासूबाई आरामात चालल्या. टोकाला शिशाच्या खाणीतल्या कामगारांची पडकी वस्ती आहे. समोरच्या कड्यात सेंट केविनची (इथला मठ स्थापणारे संत) गुहा दिसते, नीट बघावं लागतं.

निवांत
आई गेली त्याच वर्षी गेले होते. रीफर्ट चर्चपाशी झाडीत बसून राहिले. केविनची गोष्ट तिथेच कळली. प्रार्थनेत हात पसरलेला, त्यावर ब्लॅकबर्डने अंडं घातलं, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत त्याने हात हलवला नाही म्हणे. खूप रडले. बरं वाटलं.

रानवाट
निवांत, 🙏 लिहिलंस ते बरं केलंस गं.

पायपीट
उन्हाळ्यात संध्याकाळी चिलटं फार चावतात हां. बाह्या लांब घाला.

चहाटळ
सेंट केविन्स किचन बघितलंत का? पोराने "इथे जेवण कुठे मिळतं?" विचारलं 😄 चर्च आहे ते, छपरावरचा छोटा मनोरा धुराड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव.

मुग्धा_के
😂 गोड आहे पोरगं. रानवाट, बाबांची तब्येत कशी आहे आता?

रानवाट
ठणठणीत. सध्या शेजाऱ्यांच्या कंपाउंडची भिंत उभी करून देतायत.

नवखा_प्रवासी
गाडी नाहीये. डब्लिनहून कसं जायचं?

पायपीट
सेंट स्टीफन्स ग्रीनपासून सेंट केविन्स बस. परतीची वेळ आधी बघून ठेवा, फेऱ्या कमी असतात.